शिट्टी आणि शिक्षक

‘पंच’ हा शब्द मैदानावर आला तो गावच्या चावडीवरून. पंचांनी दिलेला निवाडा दोन्ही पक्षांनी मानायचा, असा तिथला रिवाज. खेळातल्या पंचाकडूनही आपण तीच अपेक्षा ठेवली. फरक एवढाच की, चावडीवर विचाराला सवड असे. मैदानावर मात्र क्षणात शिट्टी फुंकावी लागते.

आपला हुतुतू फार जुना; त्याचे लेखी नियम मात्र अलीकडचे. पूर्वी गावागणिक रीत वेगळी. दम सुटला की नाही, गडी बाद झाला की नाही, यावरून तंटा ठरलेला. विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रातल्या व्यायामप्रेमींनी हे नियम कागदावर आणायला घेतले. १९२३ साली बडोद्यात अखिल भारतीय सामने भरले. १९५० साली अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदकाचा मान मिळाला.

या वाटचालीत आपल्या वऱ्हाडाचा वाटा मोठा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना वैद्य बंधूंनी १९१४ साली केली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. पण मला त्याहून मोठे वाटते ते दुसरे काम. या मंडळाने क्रीडा शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. भातकुलीसारख्या तालुक्याच्या शाळांतून मुलांना खेळ शिकवायला हीच माणसे गेली.

शालेय सामन्यांची गंमत इथेच आहे. तालुक्याच्या स्पर्धेत पंच काही आभाळातून येत नाहीत. बहुधा कुठल्या तरी शाळेचे क्रीडा शिक्षकच ते काम करतात. सकाळी ज्याच्या गळ्यात शिट्टी, तोच दुपारी आपल्या संघामागे उभा. प्रेमचंदांच्या ‘पंच परमेश्वर’ या १९१६ च्या कथेत जुम्मन शेख आणि अलगू चौधरी असेच आळीपाळीने एकमेकांचे पंच होतात. अलगूचा निकाल विरुद्ध गेला म्हणून जुम्मन दावा धरतो. पुढे स्वतः त्या आसनावर बसल्यावर मात्र त्याला त्याचे ओझे कळते. ज्याने एकदा शिट्टी फुंकली आहे, तो शिक्षक पंचावर सहसा धावून जात नाही. त्याला ठाऊक असते की, सात गडी एकावर कोसळल्यावर रेषेवरचा पाय कुणाला दिसतो आणि कुणाला नाही.

अर्थात, नुसत्या सौजन्याने भागत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण २८-२८ अशा बरोबरीत होते. पवन सेहरावतच्या चढाईला जुना नियम लावायचा की नवा, यावर वाद पेटला. निर्णय पुन्हा पुन्हा बदलले आणि खेळ जवळजवळ तासभर थांबला. अखेर भारत ३३-२९ ने जिंकला, पण विजयाचा गोडवा उणावला. नियम संदिग्ध असला की भल्या माणसाचाही तोल जातो.

फुटबॉलनेही हे भोगले आहे. १९६६ च्या विश्वचषकात जर्मन पंचाने अर्जेंटिनाच्या रॅटिनला बाहेर काढले. एकाला दुसऱ्याची भाषा येईना आणि कर्णधार मैदान सोडीना. त्यानंतर केन ॲस्टन या इंग्रज पंचाला वाहतुकीच्या दिव्यांवरून पिवळ्या आणि लाल कार्डांची कल्पना सुचली. १९७० साली ती अमलात आली. आज कबड्डीतही कार्डे आहेत.

म्हणजे पंचाने नियम पक्का जाणावा आणि शिक्षकाने निर्णय मानावा. हा दोघांमधला करार आहे. हरकत असेल तर ती रीतसर नोंदवता येते, त्यासाठी आरडाओरड लागत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा त्या घटकेला गुणफलकाकडे पाहत नसतो, तो आपल्या सरांच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. सरांनी शिवी हासडली, तर उद्या तोही हासडेल. सामना संपल्यावर सरांनी पंचाशी हात मिळवला, तर हरलेला मुलगाही काहीतरी जिंकून घरी जाईल.