‘सर्व हक्क स्वाधीन’ : एका ओळीची कुळकथा

मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठामागील पानावर प्रकाशक, मुद्रक आणि किंमत यांच्या सोबतीने छापली जाणारी ‘सर्व हक्क स्वाधीन’ ही ओळ पोथ्यांच्या काळात कोठेही आढळत नाही. पोथी वाढे ती नक्कल करणाऱ्याच्या हाताने, आणि नक्कल करून देणे हे पुण्यकर्म मानले जाई. कर्त्याची खूण असे ती अभंगाच्या किंवा लावणीच्या अखेरच्या चरणातील नाममुद्रेत, म्हणजे रचनेतच ओवलेल्या त्याच्या नावात. ही मुद्रा रचना कोणाची ते सांगे, पण नक्कल करण्यास मज्जाव करीत नसे. इतकेच नव्हे, तर भलत्याची रचना थोरांच्या नावावर खपवण्यास ती सोयीचीही पडे, आणि तुकारामांच्या गाथेतील प्रक्षिप्त अभंगांचा वाद त्यातूनच उद्भवला आहे.

हे चित्र पालटले ते छापखान्यामुळे. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले, आणि पुढील दोन-तीन दशकांत ग्रंथप्रकाशन हा भांडवल गुंतवण्याचा धंदा झाला. पोथ्या मिळवणे, पाठ जुळवणे आणि मुद्रिते तपासणे हा खर्च एकाने सोसायचा आणि तयार पुस्तक समोर ठेवून दुसऱ्याने ते स्वस्तात छापायचे, हे आता सहज शक्य होते. कंपनी सरकारने १८४७ चा २० वा कायदा केला तो या प्रश्नावर, आणि त्याच्या शीर्षकात विद्येस उत्तेजन देणे हा हेतू स्पष्ट नोंदवला. ग्रंथकाराची हयात व त्यानंतरची सात वर्षे, किंवा प्रसिद्धीपासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत अधिक असेल तेवढा काळ पुन्हा छापण्याचा अधिकार त्याच्याकडे किंवा त्याने ज्याला दिला त्याच्याकडे राहील, अशी त्यात तरतूद होती. मात्र सरकारी नोंदवहीत नोंद झाल्याखेरीज दावा लावता येत नसे.

येथे दुसरा एक कायदा येऊन मिळाला. १८६७ चा २५ वा कायदा हा मुळात छापखान्यांवर नजर ठेवण्यासाठी होता: मुद्रक-प्रकाशकाचे नाव व ठिकाण पुस्तकावर छापावे आणि पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्यात, अशी त्याची मागणी होती. परंतु या दाखल पुस्तकांच्या यादीत नाव असेल आणि त्यावर दोन रुपये भरले असतील, तर तीच १८४७ च्या नोंदवहीतील नोंद समजावी, असेही त्यात म्हटले होते. त्यामुळे सरकारला पुस्तकावर पाळत ठेवण्यासाठी हवी असलेली नोंद ग्रंथकाराच्या मालकीचा पुरावा होऊन बसली, आणि पुस्तक १८६७ च्या कायद्याप्रमाणे ‘रजिस्टर’ केले असून सर्व हक्क कर्त्याने आपल्याकडे ठेवले आहेत, असे छापण्याची चाल पडली. आजची त्रोटक ओळ ही त्या लांबलचक सूचनेचीच वंशज होय.

या अधिकाराचा नेमका विषय कोणता, हे मात्र ओळीवरून कळत नाही. त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचा १८८९ चा एक निकाल पाहावा लागतो. ‘व्रतराज’ हा व्रतवैकल्यांवरील संस्कृत ग्रंथ अठराव्या शतकातला, म्हणजे कोणाच्याही खासगी मालकीच्या पलीकडे गेलेला. गंगाविष्णू श्रीकृष्णदास यांनी १८८४ मध्ये त्याची नवी आवृत्ती काढताना मजकुराची फेरमांडणी केली, इतर जुन्या ग्रंथांतील उतारे योग्य जागी घातले आणि टिपा जोडल्या. १८८६ मध्ये मोरेश्वर बापूजी हेगिष्टे प्रभृतींनी काढलेल्या आवृत्तीत तेच उतारे, त्याच जागी, त्याच क्रमांकांच्या तळटिपांसह अवतरले. न्यायालयाने प्रतिवादींना मनाई केली. ‘व्रतराज’ छापण्यास कोणालाही आडकाठी नव्हती, पण त्यासाठी मूळ पोथ्यांकडे स्वतः जाणे आवश्यक होते; दुसऱ्याच्या निवडीचे व मांडणीचे श्रम उचलणे हा अपहार ठरला. स्वामित्वहक्क विषयावर किंवा कल्पनेवर नसून तिला दिलेल्या रूपावर असतो, हे तत्त्व इतक्या स्वच्छपणे उलगडणारे दुसरे जुने उदाहरण सापडणे कठीण आहे. त्याच न्यायालयाने १८९० मध्ये भाषांतराने मूळ ग्रंथाच्या हक्काचा भंग होत नाही असे ठरवले, आणि परभाषेतील ग्रंथ मराठीत आणू पाहणाऱ्यांना त्याचा लाभ मिळण्याजोगा होता.

१९१४ च्या कायद्याने नोंदणीची अट गेली. तेव्हापासून हक्क कृती निर्माण होताच उत्पन्न होतो, ओळ छापली काय नि न छापली काय. तरी प्रकाशक ती आजही निष्ठेने छापतात, यात कायद्यापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे. १९५७ च्या कायद्यातील मृत्यूनंतरची पन्नास वर्षांची मुदत रवींद्रनाथ ठाकुरांच्या साहित्याचा हक्क संपण्याच्या वेळी साठ वर्षे करण्यात आली. १९५० मध्ये निधन पावलेल्या साने गुरुजींचे हयातीत प्रसिद्ध झालेले साहित्य म्हणूनच २०११ च्या आरंभी सर्वांना खुले झाले.

हक्काला सवलतींचे कुंपणही आहे, आणि नाशिक जिल्ह्यातील नांदगावसारख्या तालुक्याच्या गावाचा संबंध हक्कापेक्षा या सवलतींशीच अधिक येतो. तेथील वरातीत बँडने चित्रपटगीत वाजवले तर १९५७ च्या कायद्याचे ५२ वे कलम त्याला हक्कभंग मानत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक केले तरी हीच सवलत मिळते. त्याच नाटकाला तिकीट लावले, की उत्पन्न एखाद्या धार्मिक संस्थेसाठी नसल्यास, नाटककाराची किंवा त्याच्या वारसाची परवानगी आणि ठरलेले मानधन यांची गरज उभी राहते.