खाडीचे वाटाडे

मुंबई शहराचा इतिहास सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. सात बेटें होतीं, त्यांच्यामध्यें समुद्राचें पाणी खेळत होतें, पुढें बांध पडले, भराव झाले आणि सातांचें एक झालें, असा तो इतिहास. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत वरळीचा बांध झाला आणि आंतील दलदल सुकूं लागली. १८४५ सालीं माहीम व वांद्रें यांच्यामधील खाडीवरून सडक गेली. तिच्यासाठीं लेडी अवाबाई जमशेटजी यांनीं १ लाख ५७ हजार रुपयांची देणगी दिली. अमेरिकेंत यादवी युद्ध पेटून कापसाचे भाव चढले, तेव्हां बॅक बे बुजवूं पाहणाऱ्या कंपनीचे भाग घेण्यासाठीं सारें शहर वेडें झालें, आणि १८६५ सालीं कित्येकांचें दिवाळें वाजलें. या सर्व हकीकतींत चिखल हा सदैव शत्रुपक्षाकडे उभा आहे. तो रोगट, तो निरुपयोगी, तो बुजविण्याच्याच लायकीचा. त्याच्यावर विजय मिळविला म्हणून शहर झालें, असें मुलांना शिकविलें जातें; आणि तें खोटेंहि नाहीं.

परंतु त्याच चिखलाकडे पाहावयास जाणाऱ्या, आणि आपण पाहिलेलें दुसऱ्यास नेऊन दाखविणाऱ्या माणसांचाहि एक इतिहास आहे. त्यांत गव्हर्नर नाहींत, बांध नाहींत. आज ठाणें खाडीचा जो भाग शिल्लक राहिला आहे, त्याच्या रक्षणांत या दाखविणाऱ्यांचा वांटा किती, हें समजण्यासाठीं तो एकदां क्रमानें पाहिला पाहिजे.

त्याचा आरंभ कोणत्याहि संस्थेपासून होत नाहीं. खाडीचे पहिले वाटाडे म्हणजे तिच्या कांठचे कोळी आणि आगरी. भरती केव्हां येईल हें त्यांना घड्याळावांचून ठाऊक असे. तिथीची पाऊणपट करावी, जो आंकडा येईल ती भरतीची वेळ, हा त्यांचा पिढीजात हिशेब. अष्टमीला सहा वाजतां, एकादशीला सव्वाआठ वाजतां, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. आणि त्यानंतर सहा तासांनीं ओहोटी. चंद्राच्या गतीमुळें भरती रोज सुमारें पाऊण तास मागें पडते, हें शास्त्रीय सत्य या एका ओळीच्या गणितांत आलें आहे. कोणत्या चिखलावर पाऊल ठेवावें, कोणत्या नाहीं, निवटी कोणत्या बिळांत शिरते, चिंबोरी कोठें दडते, कालवें कोणत्या खडकावर धरतात, हें सर्व ज्ञान त्यांच्या हातापायांत होतें. तें पुस्तकांत नव्हतें, म्हणून शिकलेल्या शहरानें त्याला ज्ञान म्हटलें नाहीं, इतकेंच.

शिकलेलें शहर या वाटेस लागलें तें १८८३ सालीं. त्या वर्षीं १५ सप्टेंबरला भायखळ्याच्या व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट म्युझियममध्यें, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयांत, आठ गृहस्थ जमले आणि त्यांनीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. आपापलीं निरीक्षणें एकमेकांस सांगावीं आणि जमविलेले नमुने एकमेकांस दाखवावे, एवढाच साधा हेतु होता. आठांपैकीं दोघे महाराष्ट्रीय डॉक्टर होते. एक, प्रार्थनासमाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे, वनस्पतिशास्त्राचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. रखमाबाईंचे सावत्र वडील म्हणून हे दुसरे नांव पुष्कळांच्या कानांवरून गेलें असेल. झाडपाल्याचा अभ्यासक म्हणून तें फारसें कोणी घेत नाहीं.

प्रारंभीं संस्थेला स्वतःची जागा नव्हती. फिप्सन नांवाच्या सभासदानें कोटांतील आपल्या दारूच्या वखारींत तिला खोली दिली. १८८६ पासून संस्थेचें नियतकालिक निघूं लागलें.

या संस्थापकांतच एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे होते. १८५१ सालीं साताऱ्यास जन्मलेले हे गृहस्थ सरकारच्या जकात व मीठ खात्यांत नोकरीस होते. मिठावरील कर बुडूं नये म्हणून मिठागरांवर नजर ठेवणें हें त्या खात्याचें काम. मिठागर म्हटलें म्हणजे उघडें रान, उथळ पाणी, खाजण आणि तिवरांची कड. सरकारनें त्यांना तेथें मीठ मोजावयास पाठविलें, आणि त्यांनीं मीठ तर मोजलेंच, पण बगळे, शेकाटे, चिखल्ये, मुंग्या आणि डांसहि पाहून ठेविले. १९०० सालीं त्यांनीं मुंबईच्या नेहमींच्या पक्ष्यांवर एक पुस्तक लिहिलें. तें पंडितांसाठीं नव्हतें. खिडकींतून दिसणारा पक्षी कोण, असें विचारणाऱ्या घरांसाठीं होतें. लेखणीनें वाटाड्याचें काम करणारा हा मुंबईचा पहिला लेखक म्हटला तर अतिशयोक्ति होणार नाहीं.

त्यानंतरची गोष्ट सलीम अली यांची. १९०८ च्या सुमारास एक मुलगा आपण छऱ्याच्या बंदुकीनें पाडलेली, गळ्यावर पिवळा ठिपका असलेली चिमणी हातांत घेऊन सोसायटीच्या कचेरींत आला, आणि तेथील मानद चिटणीस मिलर्ड यांनीं त्याला न रागावतां पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे खण एकामागून एक उघडून दाखविले, हा प्रसंग आतां सर्वश्रुत आहे. त्याचें महत्त्व चिमणींत नसून त्या खण उघडणाऱ्या हातांत आहे. पुढें १९२६ सालीं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्यें प्राणिविभाग उघडला, तेव्हां तोच मुलगा तेथें मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नेमला गेला. शाळेंतील मुलांना व येणाऱ्याजाणाऱ्यांना पक्षी आणि प्राणी समजावून सांगणें, हें त्याचें काम. दोन वर्षांनीं रजा घेऊन ते बर्लिनला अभ्यासास गेले. परत येऊन पाहतात तों पैशाच्या अडचणीमुळें ती जागाच रद्द झाली होती.

ही घटना लहान आहे, पण तिच्याकडे डोळेझांक करतां येत नाहीं. दगडी इमारत उभी होती, कांचेच्या पेट्या होत्या, पेंढा भरलेले पक्षी होते. काटकसर करावयाची वेळ आली तेव्हां वजा झाला तो दाखविणारा. वस्तु जपावी आणि ती समजावून देणाऱ्याला खर्च समजावें, ही चूक त्या एका वर्षीं आणि एकाच शहरांत झाली असें मात्र नाहीं. सलीम अली अलिबागेजवळ किहीम येथें समुद्रकांठच्या घरीं जाऊन राहिले, आणि १९३० च्या पावसाळ्यांत त्यांनीं सुगरणीच्या घरट्यांचा बारकाईनें अभ्यास केला. नर घरटें अर्धें बांधतो, मादी तें पारखून पसंत करते, आणि मग तो दुसऱ्या घरट्यास लागतो, हें त्यांनीं तेथें पाहिलें. १९४१ सालीं निघालेल्या भारतीय पक्ष्यांवरील त्यांच्या पुस्तकानें तर हजारों घरांत वाटाड्याचें काम केलें.

आतां पुन्हां खाडीकडे वळावें. मुंबई व मुख्य भूमि यांच्यामध्यें उत्तरेकडे शिरलेली ही ठाणें खाडी. तिच्या पश्चिमेच्या कांठावर शिवडी. तेथें इंग्रजांनीं १६८० सालीं बांधलेला छोटा किल्ला अजून उभा आहे. किल्ल्याच्या पायथ्याशीं तेलाच्या टांक्या, वखारी, मोडकीं गलबतें, आणि त्यापलीकडे ओहोटीच्या वेळीं उघडा पडणारा विस्तीर्ण चिखल. १९९० नंतरच्या वर्षांत या चिखलावर रोहित पक्षी, म्हणजेच अग्निपंख, मोठ्या संख्येनें उतरूं लागले. थंडीच्या दिवसांत यावें आणि पावसाळ्यापूर्वीं निघून जावें, असा त्यांचा क्रम. ज्या चिखलाकडे शहरानें नाकाला पदर लावून पाठ फिरविली होती, त्याच्यावर गुलाबी रंगाचे हजारों पक्षी उभे राहिले, आणि मग शहर पाहावयास आलें.

या पाहुण्यांत दोन जाती आहेत. मोठ्या रोहिताची चोंच गुलाबी असून टोंकाशीं काळी. लहान रोहिताची गडद तांबडी, ती दुरून काळीच भासते. दोघेहि डोकें उलटें करून चोंच पाण्यांत बुडवितात. जीभ पंपाप्रमाणें मागेंपुढें होते आणि चोंचीच्या कडांची बारीक चाळणी अन्न आंत ठेवून पाणी व गाळ बाहेर लोटते. लहान रोहिताचा मुख्य आहार म्हणजे डोळ्यांना न दिसणारीं निळींहिरवीं शेवाळें. त्यांतील रंगद्रव्यांमुळेंच पिसांना गुलाबी छटा येते. पिलें जन्मतःच गुलाबी नसतात. तीं करड्या रंगाचीं असतात. शहराच्या सांडपाण्यानें खाडींत शेवाळ माजलें आणि त्यामुळें हे पक्षी येथें लोटले, असें अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे या सौंदर्याच्या मुळाशीं शहराचीच घाण आहे. ही गोष्ट अभिमानाची नव्हे आणि निश्चिंत राहण्यासारखीहि नव्हे. कारण घाण एका मर्यादेपलीकडे गेली तर शेवाळहि मरतें.

हें सर्व समजावयास कोणीतरी जवळ उभें असावें लागतें. म्हणून सोसायटीनें व इतर निसर्गप्रेमी मंडळींनीं शिवडीस सहली नेण्यास आरंभ केला. अशा सहलीची वेळ कचेरीच्या घड्याळावर ठरत नाहीं. पूर्ण ओहोटी असेल तर पाणी दूर जातें आणि त्याबरोबर पक्षीहि दूर जातात. पूर्ण भरती असेल तर उभें राहावयास चिखलच उरत नाहीं. मधल्या दोनतीन तासांतच ते धक्क्याजवळ येतात. म्हणजे दुर्बिणी घेऊन आलेल्या सुशिक्षित मंडळींनाहि शेवटीं कोळ्याच्या त्या पाऊणपटीच्या हिशेबाकडेच यावें लागलें. तिपाईवरील दुर्बिणीपुढें मुलांची रांग लागे. वाटाड्या प्रथम गुलाबी पक्षी दाखवी; पण तेवढ्यावर न थांबतां त्यांच्या पायांशीं धांवणारे तुतवार, छातीच्या परांवर चालल्यासारखी सरकणारी निवटी, आणि चिखलांतून वर आलेलीं तिवराचीं श्वासमुळें दाखवी. तिवराचें पान जिभेस लावून पाहिलें तर खारट लागतें, कारण झाड नको असलेलें मीठ पानावाटे बाहेर टाकतें. कांदळाचें बीं झाडावरच रुजतें आणि मग भाल्यासारखें खालीं चिखलांत पडतें. पक्षी पाहावयास आलेलें मूल चिखल पाहून घरीं जाई, हेंच त्या सहलींचें खरें फलित.

पुढील घटना कायद्याच्या पुस्तकांत आहेत. एका संस्थेच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयानें ऑक्टोबर २००५ मध्यें राज्यांतील कांदळवनांच्या तोडीस मनाई केली. २०१२ सालीं वनखात्यांत स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. २०१५ सालीं ठाणें खाडीचा सुमारें १,६९० हेक्टर भाग रोहित पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्यांत ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी आहे. मालवणनंतरचें हें राज्यांतील दुसरें सागरी अभयारण्य. २०२२ सालीं या खाडीला रामसर कराराच्या यादींत स्थान मिळालें. न्यायालयें आणि खातीं आपापल्या नियमानें चालतात, हें खरें; परंतु ज्या जागेला लोक 'घाण' म्हणतात तिच्यासाठीं कोणी अर्ज करीत नाहीं आणि कोणी वर्गणीहि देत नाहीं. ती जागा पाहण्यासारखी आहे असें वाटणारे लोक आधीं तयार व्हावे लागतात. तें काम दुर्बिणीच्या रांगेंत झालें.

लढाई संपलेली नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें शिवडीहून न्हावा शेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटर लांबीचा अटल सेतु खुला झाला, तो त्या चिखलावरूनच जातो. त्याच वर्षीं मे महिन्यांत घाटकोपरच्या बाजूस उतरणाऱ्या विमानाची धडक बसून तीसहून अधिक रोहित पक्षी मेले. अभयारण्याची हद्द नकाशावर आंखतां येते. पक्ष्यांच्या आकाशांतील वाटा आंखतां येत नाहींत.

आणि तरीहि या इतिहासाचें अखेरचें पान समाधानाचें आहे. मुंबईपासून दूर दक्षिणेस, सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वेंगुर्ल्यास मांडवीची खाडी आहे. तेथें २०१७ सालीं 'स्वामिनी' या बचत गटाच्या नऊ स्त्रियांनीं कांदळवनाची सफर सुरू केली. खाडी त्यांना परकी नव्हती. पाहुण्यांपुढें उभें राहून बोलणें मात्र नवें होतें. झाडांचीं शास्त्रीय नांवें, पक्ष्यांच्या जाती, हें त्या शिकल्या. होडी वल्हविणें, पाण्याचा कल ओळखणें यांस वेगळी शाळा लागली नाहीं. शहरांतून आलेले शिकलेले पाहुणे होडींत बसतात, आणि किनाऱ्यावरच्या बाया त्यांना खाडी समजावून सांगतात.

ज्यांच्यापासून हा इतिहास सुरू झाला, त्यांच्याकडेच दाखविण्याचें काम परत आलें आहे. त्याची दक्षिणा त्यांना मिळूं लागली आहे, हाहि एक न्यायच. पौर्णिमेला भरती अजून सव्वाअकराच्या सुमारासच येते.