वसईचे गोन्सालो, मनिला आणि सुकेळी
पोर्तुगीज अमलातल्या वसईत 1556 च्या सुमारास जन्मलेले गोन्सालो गार्सिया जेझुइट धर्मगुरूंबरोबर जपानला गेले, तिथली भाषा शिकले आणि व्यापारात रमले. पुढे मनिला गाठून ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. जपानी उत्तम येत असल्याने 1593 मध्ये दुभाषी म्हणून त्यांनाच परत जपानला धाडले गेले. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रूसावर चढवलेल्या 26 जणांत तेही होते. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळाले. भारतात जन्मलेले हे पहिले कॅथलिक संत.

वसई किल्ल्यातले जुने जेझुइट चर्च आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण वसईची ओळख या संतापुरती नाही; तिची खरी चव सुकेळ्यांत: पिकलेली राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, तपकिरी, चिवट, मधासारखी गोड.