गाव तेच, जिल्हा वेगळा

स्मरणिकेसाठी लेख मागायला समितीतल्या मित्राचा फोन आला. म्हणाला, "तू नेमकं काय करतोस हे आपल्या बॅचमध्ये एकालाही सांगता येत नाही. 'कॉम्प्युटर दुरुस्त करतो' एवढंच सांगतो आम्ही. तूच लिही बाबा एकदा." तर मित्रमैत्रिणींनो, कॉम्प्युटर मी दुरुस्त करत नाही. ते ज्या वाटांनी एकमेकांशी बोलतात त्या वाटा मी घालतो, आणि बंद पडल्या की कुठे बंद पडल्या ते शोधतो. गेली तीस-बत्तीस वर्षं हेच. आपले इतिहासाचे सर म्हणायचे, सनावळ्या पाठ करण्याआधी लोकांची अडचण काय होती ते विचारा. सर या कार्यक्रमाला येणार आहेत असं कळलं, म्हणून त्यांच्याच पद्धतीने लिहून बघतो.

सुरुवात आपल्याच दाखल्यापासून करतो. आपण १९८७ साली दहावी झालो. शाळा सोडल्याचा दाखला काढून बघा, त्यावर 'जि. भंडारा' आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. शाळा जागची हलली नाही, फाटकासमोरचं कडुनिंबाचं झाड हललं नाही, पण पत्ता बदलला. माझ्या आजोबांची गंमत तर याहून मोठी. त्यांचा जन्म इंग्रजी अमलातल्या मध्य प्रांतातला. १९५० नंतर ते मध्य प्रदेशात होते, नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. आयुष्यभर राहिले मात्र एकाच घरात, एकाच विहिरीचं पाणी पीत. माणूस तिथेच, पण त्याचा अर्ज कोणत्या कचेरीत जाणार हे वरच्या कागदावर ठरतं. माझ्या धंद्यातल्या ज्या गोष्टीवर मी लिहिणार आहे, ती व्हीएलॅन, म्हणजे हेच. व्हर्च्युअल लॅन. यंत्र टेबलावरून हलत नाही, केबल बदलत नाही, फक्त त्याचा जिल्हा बदलतो.

आता अडचण काय होती ते. १९७३ च्या मे महिन्यात अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. एकच जाड केबल सगळ्या यंत्रांना जोडायची, ज्याला बोलायचं त्याने आधी कान द्यायचा, कोणी बोलत नसेल तर बोलायचं, दोघं एकदम बोलले तर दोघांनीही थांबून थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करायचा. याचं नाव इथरनेट. आपल्या वर्गात बाई बाहेर गेल्या की जे व्हायचं, त्याला शिस्त लावण्याचाच हा प्रकार. चार-दहा यंत्रं असतील तोवर उत्तम चालतं. शंभर झाली की सगळे थांबूनच राहतात.

मी १९९२ मध्ये नागपूरला कामाला लागलो तेव्हा या केबलची बारीक आवृत्ती होती. टीव्हीच्या केबलसारखी दिसणारी, एका यंत्राकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे गेलेली. दोन्ही टोकांना ५० ओहमचं एक टोपण. सफाई करणाऱ्या बाईंच्या झाडूने शेवटचं टोपण निघालं की अख्खं ऑफिस बंद. माझी पहिली दोन वर्षं टेबलांखाली रांगण्यात गेली. मग हब आला. प्रत्येक यंत्राची केबल वेगळी, सगळ्या एका डब्यात. रांगणं संपलं, गोंगाट तसाच राहिला, कारण हब एकाचं बोलणं सगळ्यांनाच ऐकवतो.

गोंगाट कमी केला तो स्विचने. १९९० साली कल्पना नावाच्या अमेरिकी कंपनीने पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला. नाव वाचून तुम्हाला वाटलं ते बरोबर आहे, तिच्या दोन संस्थापकांपैकी एक विनोद भारद्वाज. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. स्विच काय करतो? कोणत्या पोर्टावरून कोणत्या यंत्राचा आवाज आला ते तो आपल्या वहीत टिपून ठेवतो, आणि पुढच्या वेळी त्याच्यासाठीचं पाकीट त्याच पोर्टावर देतो. आपल्या गावचे पोस्टमनकाका पत्ता न वाचता पत्र द्यायचे, तसं. बराच वेळ, बहुतेक ठिकाणी पाच मिनिटं, कोणाचा आवाज आला नाही तर तो ती नोंद खोडतो.

तरी एक गोष्ट उरते. काही हाका सगळ्यांसाठीच असतात. 'हा पत्ता कोणाचा आहे रे?' असं यंत्रांना सतत विचारावं लागतं, आणि अशी हाक स्विचला प्रत्येक पोर्टावर द्यावीच लागते. त्यात कोणी एकाच केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली, तर हाक फिरून परत येते, पुन्हा सगळीकडे जाते, पुन्हा येते. काही क्षणांत सगळे दिवे एकदम लुकलुकायला लागतात आणि काम ठप्प होतं. यावरचा उपाय रेडिया पर्लमन या बाईंनी १९८५ मध्ये डेक कंपनीत असताना शोधला. स्विच आपसात बोलून फांद्यांचं एक झाड ठरवतात आणि जास्तीची वाट स्वतःच बंद ठेवतात. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त डब्यात बहुधा ही अक्कल नसते. माझ्या नोंदवहीत आपल्या जिल्ह्यातल्या निदान नऊ ठिकाणी ही एकच चूक लिहिलेली आहे, आणि नऊही ठिकाणी केबल खोचणाऱ्याने ती 'लोंबकळत होती म्हणून' खोचली होती.

व्हीएलॅनची कल्पनाही त्याच दशकातली. बेलकोर या टेलिफोन कंपन्यांच्या संशोधन संस्थेत डेव्हिड सिन्कोस्की मोठमोठी इथरनेट जाळी कशी बांधता येतील यावर काम करत होते. त्यातून निघालेला विचार असा, की प्रत्येक पाकिटावर एक चिठ्ठी लावावी आणि स्विचने हाक त्याच चिठ्ठीच्या मंडळींना ऐकवावी. हिशेबाच्या खोलीतली हाक हिशेबवाल्यांना, प्रयोगशाळेतली प्रयोगशाळेला. पुढे प्रत्येक कंपनीने आपापली चिठ्ठी काढली. सिस्कोची वेगळी, दुसऱ्याची वेगळी, एकाची दुसऱ्याला वाचता येईना. १९९८ मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.१क्यू हे मानक काढलं तेव्हा भांडण मिटलं. चिठ्ठी चार बाइटची, तिच्यात क्रमांकासाठी बारा बिट, म्हणजे ४०९६ क्रमांक, त्यातले दोन राखीव, वापरायला ४०९४. दुसऱ्याच वर्षी आपला जिल्हा वेगळा झाला. मानक आणि जिल्हा यांचा काही संबंध नाही, पण मला तो योगायोग आवडतो.

आपण शाळेत असताना गोंदिया जंक्शनवर मोठी लाईन आणि छोटी लाईन शेजारी शेजारी होत्या. नागपूर-रायपूरकडची गाडी ब्रॉडगेजची, बालाघाट-जबलपूरकडची अडीच फुटी नॅरोगेजची. स्टेशन एक, पण एकीचा डबा दुसरीच्या रुळांवर जाऊ शकत नाही. बालाघाटहून येऊन नागपूरला जायचं तर उतरायचं, पूल चढायचा, दुसऱ्या फलाटावर बसायचं. दोन व्हीएलॅनचं तसंच असतं. एकाच डब्यात असूनही एकमेकांना दिसत नाहीत. या बाजूचं त्या बाजूला न्यायचं तर मधे पूल लागतो, त्याला आम्ही राऊटर म्हणतो. आणि दोन स्विचमधल्या एकाच केबलवरून सगळ्या जिल्ह्यांची पाकिटं चिठ्ठ्या लावून जातात, तिला ट्रंक म्हणतो. माझी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक अशाच एका ट्रंकवर झाली. ती सांगण्यासाठीच हा लेख लिहायला हो म्हटलं.

नवेगावबांधच्या बाजूची एक संस्था, नाव घेत नाही. तिथलं जाळं मीच बांधलं होतं. ऑफिसला व्हीएलॅन १०, मुलांच्या कॉम्प्युटर खोलीला २०, आणि दुरून सेटिंग बदलता यावं म्हणून माझ्यासाठी ९९. त्यांनी कॅमेरे बसवले, त्यासाठी ३० हवा होता. मी गोंदियात घरी बसून, सकाळचा चहा घेत, ट्रंकवर ३० क्रमांकाला परवानगी दिली. आता त्या जातीच्या स्विचमध्ये 'यांना परवानगी' असा हुकूम दिला की तो जुनी यादी फेकून नवी ठेवतो. जुन्यात भर घालायची असेल तर मधे 'अ‍ॅड' हा शब्द लिहावा लागतो. मी तो लिहिला नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही, मी इतरांना शिकवत होतो. एंटर दाबलं, आणि माझ्याच समोरची खिडकी गोठली. १०, २० आणि ९९ तिघेही बाहेर. ज्या फांदीवर बसलो होतो तीच तोडली.

तरीही सुटका होती. स्विचमध्ये बदल आधी फक्त तात्पुरत्या स्मृतीत होतो, जतन केला नाही तर वीज गेली की जुनं परत येतं. म्हणजे तिथल्या शिपायाला फोन करून 'प्लग काढून पुन्हा लाव' म्हटलं असतं की झालं. पण मी शहाणपणा करून दोन्ही हुकूम एकदम चिकटवले होते, बदल आणि लगेच जतन. पहिल्यानंतर माझी वाट बंद झाली, तरी मागचा हुकूम तोवर पोचला होता. शिपायाने प्लग काढून लावला, स्विच उठला तो नव्या, चुकीच्या यादीसह. एरवी आपल्याकडे वीज गेली आणि जतन न केलेलं सेटिंग पुसलं गेलं म्हणून मी लोकांना बोल लावायचो. त्या दिवशी जतन केलं तेच नडलं.

तो दिवस शिष्यवृत्तीचे ऑनलाइन अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस होता. हे मला फोनवर शिपायाने सांगितलं, "साहेब, पोरं बसली आहेत." मोटारसायकल काढली, गोरेगाव, कोहमारा करत पोचायला दुपार उलटली. घाईत काय करावं हे कळत नव्हतं असं नाही, पण हात थरथरत होता, म्हणून पहिल्यापासून शिकलो त्या क्रमाने गेलो. आधी दिवे बघितले, ट्रंकचा दिवा चालू, म्हणजे केबल ठीक. मग एका मुलाच्या यंत्रावर पत्ता बघितला, तो १६९.२५४ ने सुरू होणारा. यंत्राला कोणी पत्ता दिला नाही की ते असा पत्ता स्वतःच घेतं, म्हणजे हाक वाटेत अडते आहे. मग निळी चपटी केबल थेट स्विचच्या कन्सोलला लावली, ट्रंकची यादी मागितली. एकटा ३०. चार अंक आणि स्वल्पविराम लिहायला अर्धा मिनिट लागला. दहा सेकंदांत खोलीतून आवाज आला, "आलं, आलं!"

मुलं रात्री नऊपर्यंत बसून अर्ज भरत राहिली, प्राचार्यांनी पोहे मागवले. पण दोन मुली संध्याकाळच्या शेवटच्या एसटीने आधीच निघून गेल्या होत्या. त्यांच्या गावाला त्यानंतर बस नव्हती. त्यातल्या एकीच्या वडिलांचा जातीचा दाखला जुना, भंडारा जिल्ह्याचा होता. अर्जात जिल्हा कोणता निवडायचा हे विचारायला ती सकाळपासून थांबली होती, असं शिपायाने सांगितलं. मला तिचं नाव माहीत नाही, तिचं पुढे काय झालं तेही नाही.

त्यानंतर दुरून काम करताना मी आधी 'दहा मिनिटांनी स्वतः पुन्हा सुरू हो' असा हुकूम देतो, मग बदल करतो. सगळं ठीक दिसलं तर तो हुकूम मागे घेतो आणि नंतरच जतन करतो. हाताखालच्या मुलांना हे पहिल्या दिवशी शिकवतो, चूक कोणाची होती तेही सांगतो. गावोगावच्या ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबर पोचवण्याची योजना केंद्राने २०११ मध्ये मंजूर केली, आज तिला भारतनेट म्हणतात. अशा जाळ्यांमुळे आता सालेकसा, देवरी इथलीही पोरं माझ्याकडे हे काम शिकायला येतात. त्यांच्या हातात फोन आहे, पण जेव्हा वाट बंद पडते तेव्हा शेवटी कोणालातरी केबल घेऊन तिथे जावंच लागतं.

त्या संस्थेत त्या रात्री निघताना मी कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद चिकटवला. कोणता पोर्ट, कोणत्या खोलीचा, कोणत्या क्रमांकाचा, ट्रंकवर कोण कोण, आणि खाली ठळक अक्षरांत 'अ‍ॅड'. मागच्या डिसेंबरात गेलो तर कागद पिवळा पडलेला, पण जागेवर. तीन ठिकाणी दुसऱ्याच अक्षरात दुरुस्त्या, एकीवर तारीखही. शिपाई निवृत्त झालेत, त्या त्यांच्याच. सतराव्या पोर्टापुढे अजून 'ग्रंथालय' लिहिलेलं होतं, ती खोली आता संगणक कक्ष झाली आहे. पेन मागून घेतलं आणि खोडलं.