ओळख, बदलती : लैंगिक, राष्ट्रीय व अपंगत्वविषयक (ब्रिटन)

व्यक्ती स्वतःला जे म्हणवून घेते आणि समाज, कायदा व सरकारी दप्तर तिला जे म्हणतात, त्यांच्या देवघेवीतून ठरणारे सामाजिक स्थान. लैंगिकता, राष्ट्रीयत्व आणि अपंगत्व या ओळखी जन्माने किंवा शरीराने कायमच्या ठरतात, असा समज विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्वसाधारणपणे होता. 1960 नंतरच्या समाजशास्त्राने तो मोडीत काढला. ओळखी घडतात आणि बदलतात, हा नवा विचार ब्रिटनमध्ये बराच पुढे गेला. 2021 साली इंग्लंड व वेल्सच्या जनगणनेत तिन्ही ओळखींविषयीचे प्रश्न एकाच अर्जात आले, त्यामुळे त्याला आकड्यांचीही जोड मिळाली. हे आकडे बोलके आहेत, पण अर्जात काय विचारले होते ते बाजूला ठेवून वाचले तर दिशाभूल करतात.

कॅनडात जन्मलेल्या अर्व्हिंग गॉफमन यांनी 1963 मध्ये ‘स्टिग्मा’ या ग्रंथात कलंक हा माणसाचा गुणधर्म नसून माणसामाणसांतील संबंधाचा प्रकार आहे, असे मांडले. अपंग, समलिंगी, तुरुंगातून सुटलेले असे वरवर पाहता काहीच समान नसलेले लोक त्यांनी एकाच चौकटीत आणले. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ मेरी मॅकिंटॉश यांनी 1968 च्या निबंधात समलिंगी असणे हा आजार नव्हे, तर विशिष्ट काळी विशिष्ट समाजात घडलेली भूमिका आहे, असे दाखवले. पुढे 1976 मध्ये मिशेल फूको यांनी याच दिशेचे विवेचन केले आणि श्रेय बहुतेक त्यांच्याच पदरात पडले. मॅकिंटॉश यांचे नाव अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी घेत नाही. तत्त्वज्ञ इयान हॅकिंग यांनी 1980 च्या दशकात आणखी एक मुद्दा जोडला. माणसांचे वर्ग पाडले की ती माणसे त्या वर्गाला प्रतिसाद देतात, बदलतात, आणि मग वर्गाची व्याख्याही बदलावी लागते. जनगणनेचा अर्ज हे या फेऱ्याचे ठळक उदाहरण होय.

लैंगिक ओळख. इंग्लंड व वेल्समध्ये 1967 च्या कायद्याने 21 वर्षांवरील पुरुषांमधील खाजगी समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. 1988 मध्ये मात्र ‘कलम 28’ आणून स्थानिक संस्थांना समलैंगिकतेचा ‘प्रसार’ करण्यास मनाई झाली. ते कलम स्कॉटलंडात 2000 मध्ये आणि इंग्लंड-वेल्समध्ये 2003 मध्ये रद्द झाले. 2014 पासून समलिंगी विवाह होऊ लागले. एकाच माणसाच्या हयातीत गुन्हेगार ते कायदेशीर जोडीदार असा हा प्रवास आहे. केन प्लमर यांनी 1995 मध्ये लैंगिक अनुभवांच्या कथा सांगण्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कथा ऐकून घेणारा समुदाय तयार असतो तेव्हाच ती सांगितली जाते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 2021 मध्ये 16 वर्षांवरील सुमारे 15 लाख लोकांनी, म्हणजे 3.2 टक्के लोकांनी, आपण समलिंगी, उभयलैंगिक किंवा अन्य लैंगिक कलाचे असल्याचे नोंदवले. 16 ते 24 या वयोगटात हे प्रमाण 6.9 टक्के होते. तरुणांत असे लोक वाढले, असा अर्थ वृत्तपत्रांतून लगेच निघतो. प्लमर यांच्या चष्म्यातून पाहिले तर सांगण्याची सोय वाढली, एवढेच खात्रीने म्हणता येते. प्रश्न ऐच्छिक होता आणि 7.5 टक्के लोकांनी तो कोराच ठेवला.

लिंगभाव ओळखीच्या प्रश्नाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. जन्माच्या वेळी नोंदलेले लिंग आणि आज मानत असलेला लिंगभाव एकच आहे का, असे लांबलचक वाक्यात विचारले गेले. 2 लाख 62 हजार लोकांनी, म्हणजे 0.5 टक्के लोकांनी, ‘नाही’ म्हटले. सर्वाधिक प्रमाण लंडनच्या न्यूहॅम व ब्रेंट या स्थलांतरितबहुल भागांत आढळले. ऑक्सफर्डचे समाजशास्त्रज्ञ मायकेल बिग्ज यांनी त्यावर शंका घेतली. इंग्रजी ही ज्यांची मुख्य भाषा नाही, अशा काहींना प्रश्नच नीट कळला नसावा, असे त्यांचे म्हणणे होते. 2024 मध्ये या आकडेवारीचा ‘मान्यताप्राप्त अधिकृत’ दर्जा काढून ती ‘विकसनशील अधिकृत’ गटात टाकण्यात आली. स्कॉटलंडने 2022 च्या आपल्या जनगणनेत ‘तुम्ही स्वतःला ट्रान्स मानता का’ असे सरळ विचारले, तेव्हा 0.44 टक्के लोक मिळाले. दोन्ही एकूण आकडे जवळपास सारखे आले. म्हणून सदोष प्रश्नाचे एकूण उत्तर चुकीचेच होते असे ठामपणे म्हणता येत नाही. प्रदेशनिहाय चित्र मात्र विश्वासार्ह राहिले नाही.

राष्ट्रीय ओळख. 1983 हे राष्ट्रवादाच्या अभ्यासातील विलक्षण वर्ष. अर्नेस्ट गेल्नर यांचा राष्ट्रवादावरील ग्रंथ, बेनेडिक्ट अँडरसन यांचा ‘इमॅजिन्ड कम्युनिटीज’ आणि एरिक हॉब्सबॉम व टेरेन्स रेंजर यांनी संपादित केलेला परंपरांच्या निर्मितीवरील लेखसंग्रह, हे तिन्ही त्याच वर्षी आले. राष्ट्र सनातन नाही. छापखाना, शाळा, कारखाना यांनी ते घडवले, हे तिन्ही ग्रंथांचे समान सूत्र होते. मायकेल बिलिग यांनी 1995 मध्ये रोजच्या हवामानवृत्तातून आणि कचेरीवर निमूट लटकणाऱ्या झेंड्यातून राष्ट्र कसे मुरत जाते, ते दाखवले.

ब्रिटनमध्ये प्रश्न दुहेरी आहे. माणूस एकाच वेळी स्कॉटिश आणि ब्रिटिश असू शकतो. हे मोजण्यासाठी स्पॅनिश समाजशास्त्रज्ञ लुईस मोरेनो यांनी 1980 च्या दशकात एडिंबरा येथे पाच पायऱ्यांचा प्रश्न वापरला. ‘फक्त स्कॉटिश’ ही त्याची पहिली पायरी, ‘फक्त ब्रिटिश’ ही शेवटची, आणि मधल्या पायऱ्यांवर कमीअधिक मिश्रणे. हा प्रश्न आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. जनगणनेत राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न प्रथम 2011 मध्ये आला. तेव्हा इंग्लंड व वेल्समध्ये ‘फक्त इंग्लिश’ म्हणणारे 57.7 टक्के आणि ‘फक्त ब्रिटिश’ म्हणणारे 19.1 टक्के होते. 2021 मध्ये ‘फक्त इंग्लिश’ 14.9 टक्क्यांवर घसरले आणि ‘फक्त ब्रिटिश’ 54.8 टक्क्यांवर गेले. दरम्यान 2014 चे स्कॉटिश सार्वमत आणि 2016 चे ब्रेक्झिट सार्वमत झाले होते. इंग्लिश अस्मिता उसळली आहे, असे भाष्यकार सांगत असतानाच दप्तरात ती कोसळली. बदलाचे मोठे कारण मात्र साधे होते. इंग्लंडमधील अर्जात 2011 साली ‘इंग्लिश’ हा पर्याय सर्वांत वर होता. 2021 मध्ये तेथे ‘ब्रिटिश’ आला. सांख्यिकी कार्यालयानेही हे कारण मान्य केले. वेल्सच्या अर्जात ‘वेल्श’ पहिल्याच जागी राहिले आणि तेथे ‘फक्त वेल्श’ म्हणणाऱ्यांचे प्रमाण 57.5 वरून 55.2 टक्के इतकेच उतरले.

म्हणून राष्ट्रीय ओळख हा निव्वळ अर्जाचा खेळ आहे, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. उत्तर आयर्लंडमध्ये 2011 ते 2021 या काळात ‘फक्त ब्रिटिश’ 39.9 वरून 31.9 टक्क्यांवर आले आणि ‘फक्त आयरिश’ 25.3 वरून 29.1 टक्क्यांवर गेले. जिथे ओळखीपायी तीस वर्षे रक्त सांडले, तिथे पर्यायांच्या क्रमाने एवढा फरक पडत नाही. इंग्लंडमधील बहुसंख्यांना मात्र इंग्लिश आणि ब्रिटिश यांत निवड करण्याची रोजच्या जगण्यात फारशी गरज भासत नाही, म्हणून पहिल्या चौकटीवर खूण करून ते मोकळे होतात.

अपंगत्व. येथे विचाराची सुरुवात विद्यापीठात झाली नाही. अपंगांच्या निवासी संस्थेत राहिलेल्या पॉल हंट यांनी 1972 मध्ये ‘द गार्डियन’ला पत्र लिहून अशा संस्थांत कोंडलेल्या लोकांनी एकत्र यावे, असे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने 1976 मध्ये आपली मूलतत्त्वे प्रसिद्ध केली. व्यंग शरीरात असते, पण अपंगत्व समाज लादतो, हे त्यांचे सार. तरुणपणी अपघातात पक्षाघात झालेले समाजशास्त्रज्ञ माइक ऑलिव्हर यांनी 1983 मध्ये याला ‘सामाजिक प्रतिमान’ असे नाव दिले. 1980 च्या दशकातील सरकारी पाहणीचे प्रश्न त्यांनी उलटे करून लिहिले. कोणत्या व्याधीमुळे तुम्हाला वस्तू पकडताना वा फिरवताना त्रास होतो, असे सरकार विचारत होते. त्याऐवजी बरण्या, बाटल्या, डबे यांच्या रचनेतील कोणत्या दोषांमुळे तुम्हाला त्रास होतो, असे विचारा, असे ते म्हणाले. पाहणी एकच, पण उत्तर देणारा पहिल्या प्रश्नातून सदोष ठरतो आणि दुसऱ्यातून तक्रारदार. प्रश्नावलीवर लिहिलेली इतकी टोकदार टीका समाजशास्त्रात क्वचित सापडते.

पुढे लिझ क्रो, टॉम शेक्सपिअर यांसारख्या अपंग अभ्यासकांनीच या प्रतिमानावर आक्षेप घेतला. रॅम्प बांधला तरी दुखणे थांबत नाही. शरीर वगळून सिद्धान्त उभा राहत नाही. निक वॉटसन यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्कॉटलंडमधील मुलाखतींत तर दीर्घकालीन व्यंग असलेल्या अनेकांनी आपण अपंग आहोत असे मानायलाच नकार दिला. चळवळीला जी ओळख अभिमानाची वाटते, ती प्रत्येकाला हवी असतेच असे नाही. बधिर समाजातील अनेकांचा दावा आणखी वेगळा आहे. आपण अपंग नसून भाषिक अल्पसंख्य आहोत, असे ते म्हणतात. ब्रिटिश खुणांच्या भाषेला 2022 मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. जनगणनेत वयोरचना जुळवून पाहता अपंगांचे प्रमाण 2011 मधील 19.5 टक्क्यांवरून 2021 मध्ये 17.8 टक्क्यांवर आले. पण यावेळी प्रश्नातून वार्धक्याचा उल्लेख गेला होता आणि मानसिक आरोग्याचा आला होता.

भारताशी संबंध. जनगणना ओळखी घडवते, हा विचार ब्रिटिश भारताच्या अभ्यासातूनही आला. मानववंशशास्त्रज्ञ बर्नार्ड कोन यांनी वसाहतकालीन शिरगणतीने जातीला मोजता येण्याजोगी वस्तू कसे बनवले, ते मांडले. अँडरसन यांनीही 1991 च्या आवृत्तीत जनगणनेवर नवे प्रकरण घातले. स्वतंत्र भारतात 2001 मध्ये अपंगत्वाचे पाच प्रकार विचारले, तेव्हा 2.19 कोटी लोक नोंदले गेले. 2011 मध्ये आठ प्रकार विचारले, तेव्हा 2.68 कोटी. त्यांपैकी 29 लाखांहून अधिक महाराष्ट्रात होते. 2016 च्या कायद्यात प्रकार एकवीस आहेत. 2011 मध्येच लिंगाच्या रकान्यात ‘इतर’ हा पर्याय आला आणि देशभरात 4.88 लाख नोंदी झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये पारलिंगी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी त्या खटल्यात हस्तक्षेपक होत्या. हिजडा ही गुरू-चेल्यांच्या घराण्यांनी बांधलेली ओळख आहे, आणि दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकातील जोगते यल्लम्माच्या सेवेने ओळखले जातात. या दोन्ही ओळखी व्यक्तीच्या आत्मनिर्णयावर उभ्या असलेल्या कायदेशीर कल्पनेत पुरत्या बसत नाहीत, आणि जनगणनेच्या ‘इतर’ या रकान्यात तर त्यांच्यातला फरकच उरत नाही.