मिक्सटेपमुळे अटक झाली, त्याच वर्षी अधिकृत अल्बम आला

अटलांटाचा डीजे ड्रामा नावारूपाला आला तो ‘गँगस्टा ग्रिल्झ’ या मिक्सटेप मालिकेमुळे. मिक्सटेप म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्याच्या बीटवर केलेलं रॅप, मध्येमध्ये डीजेची आरोळी आणि परवानगीचा पत्ता नाही. लिल वेनची 2006 मधली ‘डेडिकेशन 2’ याच मालिकेतली. गंमत म्हणजे नव्या रॅपरची हवा तयार करायला रेकॉर्ड कंपन्यांनाही मिक्सटेप हव्याच असायच्या.

तरीही 16 जानेवारी 2007 ला ड्रामाच्या ऑफिसवर छापा पडला. पोलिसांच्या सोबतीला रेकॉर्ड कंपन्यांची संघटना, आरआयएए होती. सुमारे 81 हजार सीडी जप्त झाल्या. ड्रामा आणि त्याचा जोडीदार डॉन कॅनन यांना चक्क संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली अटक झाली.

त्याच डिसेंबरमध्ये ‘गँगस्टा ग्रिल्झ: द अल्बम’ आला. टी.आय., आउटकास्ट, नेली, यंग जीझी अशी पाहुण्यांची रांगच. ड्रामा स्वतः रॅपर नाही. कुणाला कुणासोबत बसवायचं, हीच त्याची कला. फरक एवढाच, की आता सगळं रीतसर. अल्बम काढणारी अटलांटिक रेकॉर्ड्स ही वॉर्नरची कंपनी, आणि वॉर्नर आरआयएएची सदस्य!

पुढे 2021 मध्ये टायलर, द क्रिएटरच्या ‘कॉल मी इफ यू गेट लॉस्ट’मध्ये ड्रामाच्या त्याच आरोळ्या होत्या. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं.