थिजलेल्या पाण्याची साक्ष

उत्तर ध्रुवाकडील प्रदेशाचें नांव निघालें कीं मराठी वाचकास प्रथम लोकमान्य टिळकांच्या ग्रंथाची आठवण व्हावी, हें साहजिकच आहे. १९०३ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'आर्क्टिक होम इन् दि वेदाज्' ह्या ग्रंथांत टिळकांनीं वेदांतील दीर्घ उषःकालाचीं वर्णनें आणि अवेस्तांतील घोर हिवाळ्याची कथा यांच्या आधारें असें प्रतिपादिलें कीं, आर्यांचें मूळ वसतिस्थान ध्रुवाजवळ होतें व हिमयुगाच्या आक्रमणानें तें नष्ट झालें. आजच्या भूस्तरशास्त्रज्ञांना व भाषाशास्त्रज्ञांना हा सिद्धान्त मान्य नाहीं. तथापि त्या ग्रंथानें आपल्या मनावर जें चित्र उमटविलें तें अद्याप पुसलें गेलेलें नाहीं. बर्फ आला, वसंत संपला, माणसें देशोधडीस लागलीं; म्हणजेच बर्फ आला कीं इतिहास संपला, असें आपण जवळजवळ गृहीत धरून चालतों. उष्ण देशांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांस हें गृहीत सोयीचें वाटतें. परंतु तें खरें आहे काय?

ह्या समजुतीची परीक्षा पाहावयाची असेल तर फिनलंडच्या लॅपलंड प्रांतांतील कोरोउओमा ही दरी पाहावी. पोसिओ नांवाच्या विरळ वस्तीच्या मुलखांत, ध्रुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस, ही दरी सुमारे १८ मैल लांब पसरलेली आहे. तिचे कडे तळापासून ३०० ते ४०० फूट उंच आहेत. सह्याद्रीच्या कड्यांची ज्याला संवय आहे त्याला ही उंची विशेष वाटणार नाहीं. पण डिसेंबर-जानेवारींत, जेव्हां सूर्य दोनचार घटका क्षितिजालगत रेंगाळून मावळतो, तेव्हां त्या कड्यांवर जें दिसतें तें सह्याद्रींत कधींही दिसणें शक्य नाहीं. कड्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाण्याचे प्रचंड पडदे जागच्या जागीं थिजून उभे असतात. त्यांतील कांहींची उंची १५० फुटांहूनही अधिक भरते. कांहीं निळे, कांहीं हिरवट, कांहीं पिंवळे, तर कांहीं चक्क तपकिरी असतात.

हे धबधबे गोठतात कसे, हेंही समजून घेण्यासारखें आहे. आपल्याकडील धबधबा पावसाळ्यांत गर्जत कोसळतो व उन्हाळ्यांत नाहींसा होतो. असा मोठा, वेगवान् प्रवाह थंडींतही सहसा पुरा गोठत नाहीं. कोरोउओमांतील पाणी निराळ्या जातीचें आहे. कड्यावरील दलदलींतून व खडकांच्या भेगांतून तें झिरपत येतें. उन्हाळ्यांत प्रवासी त्याच्याकडे ढुंकूनही पाहणार नाहीं इतकी त्याची धार बारीक असते. हिमाच्या दुलईखालीं जमीन फारशी थंड होत नाहीं, म्हणून हा पाझर हिवाळ्यांतही चालूं राहतो आणि उघड्या कड्यावर येतांच गोठतो. एका पापुद्र्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, असे थर महिनोन्महिने चढत जातात. दलदलींतील कुजलेल्या पानापाचोळ्याचा अंश पाण्यांत असला म्हणजे बर्फास तपकिरी छटा येते. पाणी स्वच्छ असलें तर जाड बर्फ निळा दिसतो. म्हणजे येथील हिवाळा धबधब्यास थांबवीत नाहीं. तो त्यास निर्माण करतो. जें उन्हाळ्यांत नव्हतेंच तें हिवाळ्यांत उभें राहतें.

दरीची स्वतःची कथाही ह्याच चालीची आहे. येथील खडक दोन अब्ज वर्षांहूनही जुना आहे. भूकवचाला पडलेल्या एका प्राचीन भेगेच्या वाटेनें पुढें हिमनद्या आल्या. शेवटच्या हिमयुगांत सर्व फिनलंडवर बर्फाचा थर होता व त्याची जाडी मैलांत मोजावी लागे. तो सरकतांना व सुमारे १०,००० वर्षांपूर्वी वितळून मागें हटतांना त्यानें व त्याच्या पाण्यानें ही भेग कोरून रुंद केली. टिळकांच्या चित्रांत बर्फ येतो आणि माणूस जातो. येथें बर्फानें आधीं भूमि घडविली, आणि तो ओसरतांच रेनडियरांच्या मागोमाग माणूस आला. एवढ्या भाराखालीं दबलेली ही भूमि अजूनही वर येत आहे. बोथ्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाशीं किनारा दरवर्षीं सुमारें ८ ते ९ मिलिमीटर उंचावतो. हिमयुग गेलें, पण त्याचा हिशेब अद्याप मिटलेला नाहीं!

मनुष्याच्या इतिहासाकडे वळलें तर हाच अनुभव अधिक स्पष्टपणें येतो. दलदलींनीं व सरोवरांनीं भरलेल्या ह्या देशांत उन्हाळा हा प्रवासाचा शत्रु व हिवाळा हा मित्र. पाणी गोठलें कीं जेथें पाऊल बुडत होतें तेथें राजमार्ग होतो. १७३६ सालीं फ्रान्सच्या विज्ञान-अकादमीनें मोपेर्तुई ह्या गणितज्ञाच्या नेतृत्वाखालीं एक मंडळ तोर्निओ येथें धाडलें. पृथ्वी ध्रुवांपाशीं चपटी आहे, असें न्यूटनचें म्हणणें. ती उलट लांबट आहे, असें कासिनीच्या अनुयायांचें. उत्तरेकडे अक्षांशाचा एक अंश मोजून हा वाद मिटवावयाचा होता. उन्हाळ्यांत टेंकड्यांच्या माथ्यांवरून कोन घेऊन झाले. परंतु सर्व गणित ज्या पायारेषेवर उभें राहावयाचें ती सुमारें ९ मैलांची सरळ, सपाट रेषा जंगलांत कोठून मिळणार? ती मिळाली गोठलेल्या तोर्निओ नदीवर. डिसेंबरच्या कडाक्यांत हिमांतून वाट काढीत दोन तुकड्यांनीं लाकडी दांड्यांनीं ती रेषा निरनिराळी मोजली. ब्रॅंडीखेरीज पिण्याचें सर्व कांहीं गोठून जाई आणि पेला ओठाला लावला तर कातडें त्याला चिकटे. तरीही दोन मोजमापांत फरक निघाला अवघ्या चार इंचांचा. पॅरिसच्या उत्तरेस पिकार्डनें मोजलेला अंश ५७,०६० तुआझ भरला होता. येथील ५७,४३७ भरला. न्यूटनचा पक्ष खरा ठरला. पुढें १८०१ ते १८०३ ह्या काळांत स्वानबेर्ग यानें केलेल्या फेरमोजणींत मोपेर्तुईचा आंकडा बराच अधिक असल्याचें आढळलें. निष्कर्ष मात्र अबाधित राहिला. पृथ्वीचा आकार ठरविण्याच्या कामीं बर्फानें पाटीचें काम केलें, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

विद्वानांची ही एक हिंवाळी मोहीम झाली. परंतु ज्यांचें सारें आयुष्यच अशा मोहिमांत गेलें त्यांचीं नांवें कोणत्याही अकादमीच्या दप्तरांत नाहींत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बोथ्नियाच्या किनाऱ्यावर लांकूड कापण्याचे मोठे कारखाने निघाले आणि लॅपलंडच्या जंगलास बाजारभाव आला. झाडें तोडावयाचीं तीं हिवाळ्यांत, कारण ओंडके वाहून आणणें बर्फावरच शक्य होतें. वाटांवर पाणी शिंपडून त्या मुद्दाम गोठवीत, आणि घोडे अशा गुळगुळीत वाटांवरून अवजड घसरगाड्या ओढीत. मजूर महिनेच्या महिने जंगलांतील ओबडधोबड लांकडी खोपटांत दाटीवाटीनें राहत. वसंतांत बर्फ फुटून पूर आला कीं ओंडके नदींत लोटीत, आणि हातांत लांब आंकड्याची काठी घेऊन माणसें त्यांच्यामागें समुद्रापर्यंत जात. कोरोउओमांतील कोरो नदीवरूनही असेच ओंडके गेले. कोइवुक्यांगास येथील खळाळांत ते अडकूं नयेत म्हणून बांधलेली लांकडी पन्हळ पुढें दुरुस्त करून जतन करण्यांत आली आहे.

ह्या लांकडाचें मोल केवळ पैशांत करतां येणार नाहीं. १९४४ च्या शरदांत माघार घेणाऱ्या जर्मन सैन्यानें लॅपलंड जाळीत नेलें. राजधानी रोव्हानिएमीची बहुतेक सर्व घरें भस्मसात् झालीं. प्रांतांतील सुमारे एक लाख लोक आधींच गांवें सोडून गेले होते. ते परत आले तेव्हां त्यांना पुन्हां घरें बांधावयाचीं होतीं, आणि सोव्हिएट रशियास १९३८ च्या भावांनीं ३० कोटी डॉलरांची युद्धखंडणी राष्ट्रास द्यावयाची होती. ती १९५२ सालीं फिटली. तिचा एक हिस्सा लांकूड व कागद यांच्या रूपानें दिला गेला, आणि तें लांकूड अशाच हिवाळ्यांतून बाहेर आलें होतें. १९४९ च्या ऑगस्टांत केमी येथें वेतनासाठीं झालेल्या लांकूडकामगारांच्या संपांत दोन माणसें प्राणांस मुकलीं. पुढें यांत्रिक करवती व मालमोटारी आल्या, नद्यांवर धरणें झालीं, आणि १९९१ सालीं केमी नदीवरून ओंडके वाहून नेणें कायमचें थांबलें. श्रमाचें एक अवघें युग अशा रीतीनें फारसा गाजावाजा न होतां संपलें.

आतां त्या दरींत कामकरी माणसांऐवजीं प्रवासी जातात, व बर्फावर चढणारे हौशी गिर्यारोहक दोर लावून धबधब्यांवर चढतात. धबधब्यांचीं नांवेंही नव्या काळचीं आहेत. एक 'तपकिरी प्रवाह', एक 'मॅमथ', तर एक 'यास्का योकुनेन', म्हणजे अमेरिकन चित्रमालेंतील चार्ली ब्राउन ह्या मुलाचें फिन्निश नांव! ह्यांत रागावण्यासारखें कांहीं नाहीं. ज्याला जें प्रिय तें नांव तो देतो, आणि पाहावयास येणाऱ्या लोकांमुळें गरीब मुलखास चार पैसे मिळतात हेंही इष्टच आहे. परंतु शोभा म्हणून पाहणारा आणि उपजीविका म्हणून पाहणारा, ह्या दोघांस एकच बर्फ दिसत नाहीं, एवढें लक्षांत ठेविलें पाहिजे.

हें लक्षांत ठेवण्यास आज एक विशेष कारण आहे. मोपेर्तुई ज्या तोर्निओस आला तेथेंच त्याच्या ४३ वर्षें आधीं, १६९३ सालीं, ओलोफ आल्बोम नांवाच्या एका व्यापाऱ्यानें नदीवरील बर्फ कोणत्या दिवशीं फुटला हें टिपून ठेवण्यास आरंभ केला. रशियन स्वारीमुळें १७१५ ते १७२१ ह्या काळांत त्याला गांव सोडावें लागलें. परत येतांच त्यानें टांचण पुन्हां चालूं केलें, आणि त्याच्यामागें इतरांनीं तें आजतागायत चालविलें. ह्या तीनशेंहून अधिक वर्षांच्या टांचणावरून दिसतें कीं, नदी आतां त्या काळापेक्षां सुमारें दोन आठवडे आधीं मोकळी होते. त्या व्यापाऱ्याला हवामानशास्त्र ठाऊक नव्हतें. त्याला आपल्या नदीची काळजी होती. आपल्या पणजांच्या पणजांस उपयोगी पडेल असा पुरावा आपण मागें ठेवीत आहों, अशी कल्पनाही त्याला नसावी.

तेव्हां टिळकांच्या चित्रांतील भीति आतां उलटी झाली आहे. बर्फ येईल आणि वसति नष्ट होईल, ही चिंता जुनी. बर्फ राहणार नाहीं आणि त्याच्यासवें त्यावर उभें राहिलेलें जीवन जाईल, ही नवी. कोरोउओमाचे पडदे दर वसंतांत कोसळतात व दर हिवाळ्यांत नव्यानें उभे राहतात; त्यांतील बर्फ एका वर्षाहून जुना नसतो. म्हणून त्यांची परंपरा बर्फांत नाहीं, थंडीच्या नियमितपणांत आहे.

दरींतून धबधब्यांजवळून जाणारी सुमारे तीन मैलांची एक फेरी आखलेली आहे. तिच्यावरून जाणाऱ्यानें निळ्या-तपकिरी पडद्यांपुढें थांबावें, छायाचित्रें घ्यावींत, शेकोटीशीं हात शेकावे. परंतु तेवढ्यावर परत फिरूं नये. कोरो नदीकांठची ती जुनी लांकडी पन्हळही पाहून यावी. धबधबा पुढल्या हिवाळ्यांत बहुधा पुन्हां उभा राहील. पन्हळ बांधणारे हात मात्र पुन्हां यावयाचे नाहींत.